बिनविरोध रणगाडा

आमच्या हिवरसोंडच्या एसटी थांब्यावर एक पाटी आहे. गावाचं नाव तिच्यावर बारीक अक्षरांत, आणि त्याच्याखाली ठळक : 'या गावात सर्व निवडणुका बिनविरोध होतात.' रहिमतपूरहून आलेला नवा माणूस गाडीतून उतरला की आधी ही पाटी वाचतो, मान हलवतो आणि मग विचारतो की प्यायचं पाणी कुठं मिळेल. पाण्याची पाटी गावात कुठंच नाही.

ग्रामपंचायत, सोसायटी, दूध डेअरी इथपर्यंत हे वेड राहिलं असतं तर मी काही बोलले नसते. पण आमच्या शाळेत संगीत खुर्चीला पोरं जितकी, खुर्च्याही तितक्याच असतात. गाणं थांबलं की सगळी बसतात, सुरू झालं की सगळी उठतात आणि कॅसेट संपली की खेळ संपतो. धावण्याच्या शर्यतीत पोरं दोरीच्या अलीकडं थांबतात आणि ओरडून विचारतात, "गुरुजी, औंदा कुणाचा नंबर हाय?" गणपतीतल्या रांगोळीचं पहिलं बक्षीस आळीपाळीनं फिरतं. ज्या आळीचा मान असेल तिथल्या बाईनं नुसते ठिपके काढून ठेवले तरी परीक्षक वाहवा म्हणतात. गावात भांडण नको, म्हणून हे सगळं.

या बिनविरोधची एक रीत आहे. अर्ज कुणीही भरावा, त्याला कुणी ना म्हणत नाही. मग माघारीच्या मुदतीपर्यंत मारुतीच्या देवळात बैठक बसते, चहा होतो, समजूत काढली जाते आणि एकेक जण गावाच्या एकीसाठी माघार घेतो. माघार घेणाऱ्या बाप्याला टॉवेल-टोपी, बाईला साडी, आणि दोघांनाही नारळ. हा माघारीचा मान बहुतेक वेळा आमच्या खालच्या आळीला मिळतो. खालची आळी म्हणजे आम्हा बौद्धांची घरं. तो आम्हालाच का मिळतो हे मी लहानपणी एकदा विचारलं होतं, तेव्हा सगळे जण एकदम दुसरीकडं बघायला लागले.

सत्त्याण्णव साली माझ्या आईनं, बनाबाईनं, बायकांच्या राखीव जागेवर पंचायतीचा अर्ज भरला होता. सही शिकून, स्वतःच्या हातानं. माघारीच्या दिवशी सरपंच बाळासो आमच्या घरी आले, आमच्याकडचा चहासुद्धा प्याले आणि म्हणाले, "बनाबाई, गावाची अब्रू तुझ्या हातात हाय." आईनं माघार घेतली. नारळाची आम्ही चटणी केली. साडी पोपटी रंगाची होती, चांगली होती, पण तिची घडी आईनं मोडली नाही. पुढं मी कॉम्प्युटरचा क्लास काढला तेव्हा खिडकीतून मॉनिटरवर ऊन यायचं. पडदा कशाचा करावा म्हणून मी विचार करत होते, तर आई ती साडी घेऊन आली आणि म्हणाली, "हे लाव. मी काय ती नेसायची न्हाई."

आता रणगाड्याच्या खेळाचं सांगते.

पेठेत धन्यकुमारशेठचं किराणा दुकान आहे. ते मूळचे सांगलीकडचे जैन. त्यांचा मुलगा आर्जव माझ्या वर्गात होता. नव्वद साली त्याच्या मामानं सांगलीहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. एक यंत्र, हातात धरून फिरवायच्या दोन काड्या, एक कॅसेट, आणि खोक्यावर चिनी का जपानी अक्षरं. आम्ही त्याला रणगाडा म्हणायचो. वरून दिसणारं मैदान, विटांच्या भिंती, दोन रणगाडे. गोळ्यानं वीट फुटते, आणि रणगाड्याला एकच गोळा पुरतो.

शाळा सुटली की मी थेट आर्जवच्या घरी. पण जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण होतं, आणि त्यांच्या घरात टीव्ही आणि पाट एकाच खोलीत. ऐन रंगात आलं की त्रिशलाकाकू, म्हणजे आर्जवची आई, ताट घेऊन यायच्या आणि बटण बंद करायच्या. त्या यंत्राला आठवण कसली ती नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. थंडीच्या दिवसांत तर चार गोळे उडाले की जेवण.

आर्जवला हे लवकर कळलं. हरायची वेळ आली की तो रणगाडा भिंतीमागं नेऊन उभा करायचा आणि खिडकीतून सूर्याकडं बघत बसायचा. मी इकडून विटा फोडतेय, फोडतेय, आणि हा पठ्ठ्या वाण्याच्या गादीवर बसल्यासारखा निवांत. शेवटची वीट फुटायची आणि काकू ताट घेऊन दारात. मला इतका संताप यायचा की एकदा मी सूर्यालाच शिवी दिली होती. दोन वर्षं आम्ही तो खेळ खेळलो आणि एकदाही त्याचा शेवट झाला नाही. मग यंत्र बिघडलं, आर्जव सांगलीला शिकायला गेला, मी साताऱ्याला. पण ती रुखरुख माझ्या मनातून काही गेली नाही. मला एकदा, फक्त एकदा, त्या खेळाचा शेवट बघायचा होता.

नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये आर्जव घरी आला. त्याला बंगलोरला नोकरी लागली होती आणि मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो जाणार होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत माझा क्लास नुकता सुरू झाला होता आणि त्यात विद्यार्थी म्हणून फक्त पाली येत होत्या. आर्जवनं खिशातून फ्लॉपी काढली.

"ओळख काय हाय."

"काय हाय?"

"रणगाडा. आमच्या कॉलेजात एकानं जसाच्या तसा बनवलाय. आता चौघं खेळत्यात, चार कॉम्प्युटरवर."

माझ्याकडं चारच कॉम्प्युटर होते. सांगलीतलं एक हपीस बंद झालं तेव्हा आर्जवच्याच ओळखीनं घेतलेले. ते गावात आणले बिराप्पानं. बिराप्पा जतचा, गावात पाण्याचा टँकर चालवतो, आणि त्या दिवशी जतहून सांगलीमार्गे रिकामा येत होता. "आतनं कोरडं ठाक हाय, अक्का, काळजी सोडा," असं म्हणून त्यानं कॉम्प्युटरचे डबे गोधडीत गुंडाळून टाकीत सोडले. मॉनिटर टाकीच्या तोंडातून आत जाईनात, म्हणून ते केबिनमध्ये आमच्या मांड्यांवर. गावात टँकर शिरला तेव्हा बायका घागरी घेऊन धावत आल्या आणि आतून कीबोर्ड निघाला. काही बायका त्यावरून अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आर्जवनं काळी केबल एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडं अशी ओढली आणि मला सगळं समजावून दिलं. चौघांतला एक सर्व्हर. मैदान त्याच्या पोटात, बाकीचे तिघं त्याचे पाहुणे. पाहुणा उठून गेला तर जेवण थांबत नाही, पण यजमानच उठला तर पंगतच मोडते. सर्व्हर माझा कॉम्प्युटर झाला. मी हात जोडून त्याला म्हटलं, "आर्जव, सोमवारच्या आत एक डाव पुरा खेळायचा. दिवस मावळू दे नाहीतर उगवू दे." तो हसला आणि काहीच बोलला नाही. त्याचं हे काहीच न बोलणं मला चांगलं माहीत होतं.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण क्लासला पोरं येईनात म्हणून मला अवदसा आठवली आणि मी जाहीर केलं : एक मे, महाराष्ट्र दिन, रणगाडा स्पर्धा, विजेत्याला ढाल. चार नावं आली. मी, आर्जव, बिराप्पा, आणि सरपंचांचा पुतण्या जोतिबा. ढाल द्यायला साखर कारखान्याचे एक संचालक यायचे ठरले. ढालीवर 'विजेता' असं कोरूनही आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो क्लासच्या दारात. चपला बाहेर काढल्या, कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि खुर्चीवर टेकले.

"पोरी, ह्यात जिंकणार किती?"

"एक."

"आन् हरणार?"

"तिघं."

बाळासोंचा चेहरा पडला. "एका दिवसात तीन माणसं हरणार? ह्या गावात? पाटी काढून ठिवू का मग थांब्यावरची?"

मी म्हटलं, खेळ आहे, खेळात कुणीतरी हरतंच. ते म्हणाले, सुरुवात खेळातनंच होती. मग त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "ह्यात माघारीचं काय बटण हाय का?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पण मास्तरकीची खोड. मी एस्केपचं बटण दाखवलं. हे दाबलं की आपला रणगाडा मैदानातून निघून जातो, न मरता. शेवटी उरेल त्याच्या पडद्यावर 'विजेता' येतं.

"मग झालं की!" बाळासोंनी मांडीवर थाप मारली. "इतकं सोपं असून उगं जिवाला घोर. एकाला ठिवायचा, तिघांनी ते बटण दाबायचं. अर्ज सगळ्यांनी भरा, कुणाला ना न्हाई."

एक मेला सकाळी झेंडावंदन झालं आणि स्पर्धा सुरू झाली. म्हणजे चौघांनी आपापले रणगाडे मैदानात आणले, हा झाला अर्ज. चार कोपऱ्यांत चार रणगाडे उभे राहिले. बाळासोंनी भिंतीवर आचारसंहिता चिकटवली. माघारीची मुदत दुपारी चार. तोवर गोळा उडवायचा नाही. उमेदवार उठला तर त्याचा प्रतिनिधी खुर्चीवर बसेल आणि प्रतिनिधीनं हात मांडीवर ठेवायचे. वीज जाऊ नये म्हणून पंचायतीचा जनरेटर दारात धडधडत ठेवला. गावात लग्नालासुद्धा तो मिळत नाही.

अख्खं गाव हलत नसलेले रणगाडे बघायला लोटलं. लोक ओळीनं यायचे, चार पडद्यांवर तेच मैदान बघायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "कुणाचं पारडं जड हाय?" एका म्हाताऱ्यानं पडद्यापुढं ऊद लावला. कुणाला शिंक आली की बाळासोंचा माणूस त्याला दंडाला धरून बाहेर न्यायचा, न जाणो धक्क्यानं बटण दाबलं जायचं.

देवळात बैठक बसली. आधी बिराप्पाला बोलावलं. तो परत आला तेव्हा डोक्यावर नवी टोपी आणि खांद्यावर टॉवेल.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"शाळंपुढचा गतिरोधक काढा म्हटलं. टँकरमधलं निम्मं पाणी तिथंच सांडतंय." त्यानं एस्केप दाबलं. त्याचा रणगाडा नाहीसा झाला आणि बाहेर टाळ्या पडल्या. बिराप्पानं वाकून सगळ्यांना नमस्कार केला. इतका खूश मी त्याला टँकर भरलेला असतानासुद्धा बघितला नव्हता.

मग आर्जव गेला. तो परत आला तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती, पण खिशातून टोक दिसत होतं. तो आपल्या जागेवर बसला आणि करंगळी एस्केपच्या बटणाशेजारी ठेवली.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"आमच्या दुकानापुढचा नळ हलवणार म्हणत्यात. बाबांची लय दिवसांची मागणी हाय."

"आन् तू?"

"मी हो म्हटलं न्हाई." करंगळी न हलवता म्हणाला, "न्हाई पण म्हटलं न्हाई."

मला त्याला तिथल्या तिथं धोपटावंसं वाटलं. नऊ वर्षांनी सुद्धा हा माणूस भिंतीमागंच. पण तेवढ्यात मला बोलावणं आलं. मी आईला निरोप धाडला आणि ती मिसरी लावता लावता आली. माझ्या खुर्चीत बसली, पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. निघताना मी ऐकलं, ती आर्जवला विचारत होती, "बाबा, ह्ये लांबडं बटण कशाचं?"

"गोळ्याचं, मावशी. हात लावू नका हां."

देवळात वरच्या आळीची जाणती माणसं बसली होती. मला चहा दिला. बाळासोंनी गावाची अब्रू काढली. माझ्या हातात ती दिली. खोली पंचायतीची आहे याची आठवण करून दिली. जोतिबा तिथंच बाजूला बसला होता, गळ्यात हार, कपाळाला गुलाल. फोटोवाला आधीच येऊन गेला होता.

मी म्हटलं, "सरपंच, मला माघार घ्याया येतच न्हाई."

"म्हंजी?"

"माझा कॉम्प्युटर सर्व्हर हाय. मी ते बटण दाबलं तर मैदानच बंद पडतंय. जोतिबाचा रणगाडा पण जातोय. विजेता कुणीच न्हाई."

मग आकाराम, सोसायटीचे चेअरमन, खवळले. "आसं कसं? मैदानाची मालकी एका उमेदवाराकडं? हे ठरवलं कुणी?"

"आर्जवनं केबल ओढली तवाच ठरलं."

"मग सर्व्हर वरच्या आळीला न्या!"

मी सांगितलं की सर्व्हर हलवायचा तर सगळे अर्ज बाद होतात, पहिल्यापासून सुरुवात, आणि बिराप्पाची टोपीही परत घ्यावी लागेल. टोपी परत घेणं गावाच्या रीतीत बसत नाही. जाणती माणसं चहाच्या रिकाम्या कपांत डोकावू लागली. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. मला वाटलं, सुटले.

पण बाळासो उगाच पंधरा वर्षं सरपंच नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मैदानातनं नको घेऊस माघार. खुर्चीतनं घे."

"म्हंजी?"

"तू फकस्त ऊठ. तुझ्या खुर्चीत बी जोतिबा बसंल. दोन्ही रणगाडे त्याचेच. ह्या हातानं त्या हाताला गोळा घालंल. जिंकणारा जोतिबा, हरणारा जोतिबा. घरातल्या घरात. बाहेर कुणाला सांगायला नको."

आकारामनी डोळे मिटून मान डोलावली. दोघा-तिघांनी वा वा केलं. खरं सांगते, क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं, इतकं ते नीट बसत होतं. मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "मी उठायची न्हाई." बाळासो शांतपणे म्हणाले, "तू कुठं बसलीयास तिथं? बनाबाई बसलीया."

आम्ही सगळे मिरवणुकीनं क्लासकडं निघालो. पुढं हार घातलेला जोतिबा, मागं हलगी. माघारीची मुदत टळून गेली होती, पण आमच्याकडं मुदत बाळासो म्हणतील तेव्हा संपते. खोलीत आर्जव तसाच, करंगळी एस्केपशेजारी. आई माझ्या खुर्चीत, हात मांडीवर, नजर पडद्यावर. आचारसंहिता तंतोतंत पाळणारी तेवढी एकच बाई होती.

बाळासोंनी तिला सगळं सांगितलं. गावाची एकी, पाटी, संचालक वाटेत आहेत. आई ऐकत होती. शेवटी बाळासो समजुतीच्या सुरात म्हणाले, "ऊठ बनाबाई. तुला तर सवय हाय."

ते वाईट बोलायचं म्हणून बोलले नाहीत. हे मला आजही वाटतं. त्यांना ते कौतुकच वाटत होतं.

आईनं त्यांच्याकडं बघितलं. मग खिडकीवरच्या पोपटी पडद्याकडं बघितलं. मग आर्जवला म्हणाली, "लांबडं म्हणालास न्हवं?"

आणि तिनं मांडीवरचा हात उचलून स्पेसबारवर मारला. भाकरी थापताना मारतात तसा, सगळ्या पंजानं.

माझ्या आणि जोतिबाच्या रणगाड्यांमध्ये कडेनं सरळ मोकळी गल्ली होती. सकाळपासून सगळ्या गावाला ती दिसत होती आणि तिच्याविषयी कुणी बोलत नव्हतं. गोळा त्या गल्लीतून टिकटिक करत वर गेला. जोतिबाचा रणगाडा फुटला, आणि बाहेर हलगीवाल्याला काही कळलं नव्हतं म्हणून तो वाजवतच होता.

"मी... मी हरलो?" जोतिबानं विचारलं. गळ्यातला हार त्याला आता जड झाला असावा, कारण तो त्यानं काढला आणि कुठं ठेवावा ते न कळून जनरेटरवर ठेवला.

एकच गलका झाला. आकाराम म्हणाले, फेरमोजणी घ्या. कुणी म्हणालं, प्रतिनिधीचा गोळा ग्राह्य धरू नका. त्या गोंधळात आई उठली. कुणी सांगितलं म्हणून नाही, आपली आपण. खुर्ची माझ्याकडं सरकवून म्हणाली, "बस. तुझा डाव हाय."

मी बसले. मैदानात आता दोनच रणगाडे. मी आर्जवकडं बघितलं. त्याची करंगळी अजून एस्केपवर होती. ती त्यानं उचलली, बाणाच्या बटणांवर ठेवली, आणि त्याचा रणगाडा हलला. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पुढच्याच क्षणी तो सरळ भिंतीमागं जाऊन उभा राहिला.

"आर्जव!"

"खेळतोय की."

मी विटा फोडायला घेतल्या. सर्व्हर माझा, त्यामुळं माझा गोळा त्याच्यापेक्षा जरा आधी पोचायचा. मी एक थर फोडला की तो दुसऱ्या भिंतीमागं. संचालकांची जीप आली, त्यांना हार घातला गेला, आणि त्यांनाही खोलीत आणून उभं केलं. आर्जव मधूनच मान वळवून खिडकीकडं बघायचा. पण खिडकीवर आईची साडी होती. सूर्य कुठवर आलाय ते त्याला दिसेना. "उजेड किती हाय गं?" तो विचारायचा, आणि मी दात खाऊन म्हणायचे, "लय."

आणि मग दारात त्रिशलाकाकू. नऊ वर्षांत केस पिकले होते, बाकी तशाच. "आर्जव, दिवस मावळतीला आला. ताट वाढलंय."

त्याच्या आणि माझ्या मध्ये विटांचा एकच थर राहिला होता. आर्जव अर्धवट उठला होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही, काकूंकडं बघितलं आणि म्हणाले, "काकू, एकदा. आवं, फक्त एकदा."

काकू पडद्याकडं वाकून बघत राहिल्या. त्यांनी तो खेळ इतक्यांदा बंद केला होता, पण तो नीट बघितला आजच असावा. "ह्यातला तू कोण?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हा. भिंतीमागचा."

"भिंतीमागं काय करतोस?"

आर्जवनं खिडकीकडं मान वळवली, तिथं साडीच होती.

"एक दिवस रात्री उपाशी राहिलास तर मरत न्हाईस," काकू म्हणाल्या. "सकाळी ऊन पडल्यावर जेव. आता बाहेर ये तिथनं." आणि माझ्या आईच्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

आर्जव बसला. त्यानं खिशातली टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याचा रणगाडा भिंतीमागून बाहेर आला आणि समोरासमोर उभा राहिला, मध्ये आता भिंतीच्या कडेची एकच वीट. नऊ वर्षं मी याची वाट बघत होते. मी इतकी घाईला आले की आधी नेम न धरता गोळा टाकला. तो मधल्या विटेवर गेला. वीट फुटली, भगदाड पडलं, आणि त्याच भगदाडातून त्याचा गोळा आला. माझा रणगाडा फुटला.

माझ्या पडद्यावर एक शब्द आला : 'पराभूत'.

मी तो पुन्हा वाचला. मग मी हसायला लागले. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण मला इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. मला कुणी उठवलं नव्हतं, कुणी समजूत काढली नव्हती, दिवस मावळला नव्हता. मी खेळले होते आणि हरले होते. आर्जव उभा राहिला होता, पांढराफटक, जिंकल्यावर काय करतात हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याचा हात धरून दाबला आणि म्हटलं, "नीट जा बंगलोरला." त्याचे डोळे भरले होते.

गाव मात्र सुतक पडल्यासारखं उभं होतं. संचालकांना आर्जवच्या हातात ढाल द्यायला लागली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना, कारण टाळ्या माघारीला वाजवायची सवय. बाळासोंनी घाम पुसला. पंधरा वर्षांची कमाई अशी हातची जाताना बघवत नव्हती त्यांना. मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी मागं हात केला, आकारामनी त्यात नारळ दिला, आणि बाळासो तो घेऊन संचालकांसमोर माझ्यापुढं आले.

"साहेब," ते मोठ्यानं म्हणाले, "ह्या आमच्या दीपमालानं गावाच्या एकीसाठी, आपण होऊन, मोठ्या मनानं—"

आई मध्ये आली. तिनं नारळावर हात ठेवला आणि तो हळूच मागं सारला.

"नारळ माघारीचा असतोय, सरपंच. माझी पोरगी हरलीया."

बाळासो नारळ धरून तसेच उभे राहिले. जनरेटर धडधडत होता. आईनं पदर खोचला, माझ्याकडं वळली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "पुढची पंचायत कवा हाय गं?"